कोरा चहा

मिरजगाव, ता. कर्जत
४ ऑगस्ट २०२५

तुषार भाऊजी,

आशीर्वाद आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढच्या बोलण्यात राहून जाईल. राग आलाय मला तुमचा.

काल अश्विनीने तुमचं ते फोनवरचं वाचून दाखवलं. तिनेच तुम्हाला पाठवलेला आईंचा फोटो, चुलीपुढे बसलेल्या, हातात कोऱ्या चहाचा कप. खाली तुम्ही लिहिलेलं की माझी आई अडुसष्टाव्या वर्षी व्हिगन झाली, मला तिचा अभिमान वाटतो. त्याखाली लोकांनी टाकलेले लाल बदाम. तुमच्या ऑफिसातल्या कुणी आंटींची रेसिपीही मागितलीय. मी पोरीला म्हटलं, बंद कर तो फोन आणि अभ्यासाला बस. मग वांगी चिरायला घेतली आणि सगळी वाकडीतिकडी चिरली.

व्हिगन नाही हो भाऊजी. आईंनी दूध सोडलंय. सोडणं म्हणजे काय, हे बंगळुरात राहून विसरला असाल तर आठवण करून देते. आमचे हे, म्हणजे तुमचे दादा, लहानपणी तापाने फणफणले होते तेव्हा तुमच्या आजीने वांगं सोडलं होतं, पोरगं उठून अंगणात खेळायला लागल्यावरच खाल्लं. तसलं सोडणं. आणि या वेळचा नवस तुमच्या नावाचा आहे.

आबांच्या तेराव्याला तुम्ही भरल्या ताटावरून उठून गेलात. दादांचं चुकलं, हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलंय. 'अग्नी द्यायला नव्हता आन गोडाला पहिल्या पंगतीत बसला,' असं अख्ख्या भावकीसमोर बोलायची काही गरज नव्हती. तुम्हाला परदेशातून विमान मिळालं नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण तेव्हा आई तुमच्यासमोर वाकून खीर वाढत होत्या ना? तुम्ही उठलात आणि पळीतली खीर रिकाम्या पाटासमोरच्या ताटात पडली. तुम्ही मागे वळून बघितलं नाही म्हणून सांगते, आई दिवेलागणीपर्यंत त्या ताटापाशी बसून होत्या. दुसऱ्या दिवशी चहा दिला तर म्हणाल्या, "दूध नगं घालू. त्यो परत ह्या ताटावर बसंल, खीर खाईल, तवा घीन." तेव्हापासून दूध, दही, ताक, लोणी, तूप सगळं बंद. गोठ्यात दोन गाया आहेत, रोज डेअरीला कॅन जातो आणि घरची मालकीण कोरा चहा पिते.

ते ताट तुमच्या बारशातलं, नाव कोरलेलं. मांडणीवर सगळ्यात वर एकटं ठेवलंय. दर रविवारी आई ते उतरवतात, राखेने घासतात, पुसतात आणि परत ठेवतात.

मला बजावलंय त्यांनी, "त्याला सांगायचं न्हाई. सांगून आला तर ते येनं न्हाई." म्हणजे हे पत्र लिहून मी त्यांचा शब्द मोडतेय. फोनवर बोलावं तर आपल्या घरात फोन स्पीकरवर असतो, आई शेजारी कान देऊन बसलेल्या, दादा भिंतीपलीकडे. आणि तुम्ही 'नंतर बोलतो वहिनी' म्हणून ठेवून देता. कागद तसा ठेवून देता येत नाही.

बिनदुधाचं रांधणं मला जड नाही. आपलं निम्मं खाणं तसलंच आहे. मटकीची उसळ, पिठलं, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची आमटी, ज्वारीची भाकरी. काल हुलग्याची शेंगोळी केली, आईंनी वाटी पुसून खाल्ली. पण डॉक्टर म्हणतात, रक्त कमी झालंय, हाडं ठिसूळ झालीत, दूध चालू करा. आईंनी त्यांच्याकडून इंजेक्शन घेतलं, कारण ते तोंडाने खायचं नसतं. दुधाचं नाव काढलं की मात्र उठून बाहेर.

एक दिवस या. त्या ताटावर बसा, चार घास खा आणि हवं तर दादांशी न बोलता परत जा. मी तुमच्या दहावीचा डबा वर्षभर भरलाय, त्याची आठवण देते. दुसरं माझ्या हातात काही नाही.

रुपाली वहिनी


मिरजगाव
२ सप्टेंबर २०२५

भाऊजी,

तुमचा निरोप मिळाला. 'पत्र पोचलं वहिनी. विचार करतो. ती शेंगोळी कशी करायची? निकिताला ट्राय करायचीय.'

चार पानं लिहिली मी. त्यातलं तुम्हाला तेवढं शेंगोळं सापडलं.

बरं. माझ्या धाकट्या जावेने माझं काय वाईट केलंय? तिला सांगा, हुलग्याचं पीठ दोन वाट्या, त्यात मूठभर कणीक, नाहीतर तुटतात. लसूण, जिरं, मिरची वाटून घालायची, ओवा, हळद, मीठ. घट्ट मळायचं. तळहातावर वळत लांब दोरी करायची आणि कडं करून टोकं दाबायची. पातेल्यात तेलावर भरपूर लसूण, मग पाणी. पाणी खळाखळा उकळल्याशिवाय एकही कडं सोडायचं नाही, इथेच नव्या पोरी घाई करतात. परातीला लागलेलं पीठ पाण्यात कालवून शेवटी ओतायचं, रस्सा दाट होतो. झालं. दुधातुपाचा थेंब नाही, तुमच्या सगळ्या नियमांत बसतंय.

तुम्ही सोया पनीरचं कळवलं. मिरजगावात मिळत नाही. दुकानदार म्हणाला, वहिनी सोयाबीन पाहिजे तेवढं घ्या, पनीर तुमचं तुम्ही पाडा. वनस्पतींच्या दुधाचा तुम्ही पाठवलेला व्हिडिओ मात्र मी बघितला आणि करून पाहिलं. शेंगदाणे रात्री भिजवले, सकाळी सालं काढून मिक्सरला लावले, फडक्यातून पिळले, उकळले. दिसायला अगदी दूध. त्याचा चहा केला आणि आईंना सांगितलं, हे शेंगांचं आहे, चालतंय.

त्यांनी कपात बघितलं. म्हणाल्या, "पांढरं हाय न्हवं?"

"पांढरं असलं म्हणून काय झालं? गायीचं न्हाई."

"देवाला काय आंधळा समजतीस का? मी दूध सोडलंय. दुधावानी दिसंल ते बी सोडलंय." आणि कप माझ्या हातात दिला. मीच प्यायले. वाईट नव्हता.

बघा, तुमच्यात आणि त्यांच्यात हा असा फरक आहे. तुम्ही गायीसाठी सोडलंत, म्हणून तुम्हाला दुसरं काही पांढरं चालतं. त्यांनी तुमच्यासाठी सोडलंय. तुमच्या जागी दुसरं काय चालवायचं?

दिवाळीला येतो म्हणालात फोनवर. आईंनी ऐकलं. तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. आता शब्द फिरवू नका.

रुपाली वहिनी


मिरजगाव
२७ ऑक्टोबर २०२५

भाऊजी,

तिकीट वेटिंगवर राहिलं, हे कळलं. लोक उभ्याने येतात हो दिवाळीला. इथून पुण्याला गेलेली पोरं ट्रॅव्हल्सच्या केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून आली.

आईंनी अनारशाचं पीठ महिनाभर आधी करून ठेवलं होतं, तुम्हाला आवडतात म्हणून. ते तुपात तळावे लागतात, तर मला म्हणाल्या, त्याच्यापुरते तेलात तळ, त्यो बी तूप खात न्हाई म्हनं. तुमचं व्हिगनपण त्यांनी माझ्याआधी मान्य केलं, बघा. भाऊबीज झाली, पाव्हणे गेले, अनारसे डब्यात तसेच. मग एके सकाळी चहा दिला तर म्हणाल्या, साखर नको. मी म्हटलं, गुळाचा करते. तर म्हणाल्या, "गोड सोडलं."

आता कोरा चहा, तोही बिनसाखरेचा. मी एकदा तोंडात घेऊन बघितला. कशाला पितात कळत नाही. बहुतेक कप हातात धरायची सवय आहे म्हणून पीत असतील.

दादांचं एक सांगते, त्यांना कळलं तर माझी खैर नाही. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी ते फाट्यावर जाऊन उभे होते. दुपारी गेले ते अंधार पडल्यावर आले. विचारलं तर म्हणाले, "खत आनायला गेल्तो." गाडीवर खत नव्हतं, पिशवीसुद्धा नव्हती. तुमच्यापुढे ते कधी माफी मागणार नाहीत, त्यांची ती जातच नाही. पण एवढं उभं राहणं तुम्ही मोजून घ्या.

आई गोठ्यात होत्या तेव्हा फोनवर तुम्ही मला हळूच म्हणालात, मी आलो तरी खीर खाणार नाही वहिनी, तत्त्वाचा प्रश्न आहे. तेवढ्यात आई आल्या. आता बोलते. तुमच्या तत्त्वाला मी नावं ठेवत नाही. गायीची दया येते ती चांगलीच गोष्ट आहे. नारळाच्या दुधात खीर करून तुमच्या ताटात वाढेन आणि आईंना सांगेन हीच ती खीर. देवाचं पाप माझ्या माथी. तुम्ही नुसते येऊन बसा.

वजन कमी होतंय त्यांचं. पाटल्या कोपरापर्यंत वर सरकतात.

रुपाली वहिनी


मिरजगाव
२२ जानेवारी २०२६

भाऊजी,

संक्रांतीला या म्हणून मी लिहिलं नव्हतं, तुम्हीच म्हणालात. का म्हणता हो? न म्हणता बसलात तर आई निदान काही धरून बसत नाहीत. तुम्ही येतो म्हणालात की त्या दार लोटून घेत नाहीत, आणि तुम्ही आला नाहीत की घासातलं काहीतरी कमी करतात.

भोगीला मी सगळं केलं होतं. वालपापडी, ओला हरभरा, गाजर, वांगं, बोरं, तिळाचं कूट घालून भाजी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी. भाकरीवर लोणी घालायचं असतं, तिथे आईंच्या ताटात मी जवसाची चटणी घातली. गुळाला हात लावायचा नाही म्हणून आईंनी तिळगूळ दुसऱ्यांना वाटला आणि स्वतः रिकामे तीळ चघळले. संक्रांत गेली. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "उद्यापास्नं माझ्या भाजीला फोडनी देऊ नगंस."

फोडणी कधी बंद असते ते तुम्हाला माहीत आहे. घरात कुणी गेलं की सुतकात चुलीवर तेल तापत नाही. मी म्हटलं, आई, आपलं काय सुतक आहे का? दोन्ही लेक धडधाकट आहेत तुमचे. दादा आतून ओरडले, "जित्या मानसाचं सुतक धरती व्हय? बास झालं आता!" आणि जेवण अर्धं टाकून शेतावर निघून गेले. मला वाटलं, आता हेही ताटावरून उठले. या घराला सवयच लागली.

आता आईंसाठी काय करते ते लिहिते, तुमच्या व्हिगन लोकांना सांगा, यापेक्षा सोपं जेवण जगात नसेल. मुगाची डाळ शिजवायची, मीठ घालायचं. हुलग्याचं पीठ पाण्यात कालवून पातळ माडगं उकळायचं, मीठ घालायचं. मिरची निखाऱ्यावर भाजून, मिठाबरोबर ठेचायची. भाकरी. घरभर कशाचाही वास येत नाही.

परवा त्या अंगणात पडल्या. हाड मोडलं नाही, पण डॉक्टरांनी मला खोलीबाहेर बोलावून विचारलं, हे असं किती दिवस चालवणार? मी त्यांना काय सांगू? तुम्हालाच विचारते.

तुम्ही म्हणता, त्या अंगणात पाय टाकायला जमत नाही, सगळ्यांची तोंडं आठवतात. खोटं नाही म्हणत मी. लागलं असणारच तुम्हाला. पण पंगतीतली ती माणसं जेवून, हात धुऊन तेव्हाच विसरली. लक्षात ठेवणारे तुम्ही तिघेच उरलात, आणि त्यातल्या दोघांना पोटभर जेवता येतंय.

कधी कधी मला वाटतं, आई म्हणाल्या होत्या सांगू नको, आणि मी सांगितलं, म्हणूनच तर तुम्ही येत नसाल. असलं काही नसतं हे कळतं मला. तरी वाटतं.

रुपाली


मिरजगाव
५ मार्च २०२६

भाऊजी,

तिकिटाचा फोटो पोचला! अश्विनीने तो आजीला मोठा करून दाखवला. आईंना वाचता येत नाही, तरी बोट ठेवून ठेवून सगळा बघितला. आबांचं वर्षश्राद्ध १२ तारखेला आहे, तुम्ही ११ ला रात्री नगरला उतराल. दादा गाडी घेऊन स्टेशनवर येणार आहेत. मी पाठवत नाहीये, तेच म्हणाले.

जेवण तेराव्याला होतं तेच करायचं ठरलंय. खीर, आमटी, भात, भजी, पोळ्या. खीर दोन पातेल्यांत, एक गायीच्या दुधाची आणि एक नारळाच्या. नारळ आणून ठेवलेत. आईंनी आज स्वतःहून विचारलं, "जर्सी किती देतीया सध्या?" वर्षभरात त्यांनी दुधाची चौकशी केली नव्हती.

पत्र कदाचित तुम्ही निघाल्यावर पोचेल. पोचू दे. मला लिहावंसं वाटलं.

तुमची वहिनी


मिरजगाव
१४ मार्च २०२६

तुषार भाऊजी,

दादा रात्री स्टेशनवर गाडी येऊन जाईपर्यंत थांबले. तुमचा 'ऑफिसात अर्जंट आलं, सॉरी' हा निरोप त्यांना प्लॅटफॉर्मवर मिळाला. पहाटे घरी आले, गाडी लावली आणि गोठ्यात जाऊन शेण काढायला लागले. आजवर त्यांनी ते काम माझ्यावरच सोडलेलं आहे.

तरी स्वयंपाक झाला. गुरुजी आले, पिंड झाले, कावळाही शिवला. तुमचं ताट आईंनी मांडलं. लोक जेवत होते तेव्हा कुरिअरवाला आला. तुमच्या नावाचं मोठं खोकं. अश्विनीने फोडलं. बदामाच्या दुधाचे डबे. जेवायला आलेल्या बायका बघायला जमल्या. आईंनी विचारलं, काय हाय? कुणीतरी म्हणालं, तुषारनं दूध धाडलंय.

तेवढ्यात तुमचा व्हिडिओ कॉल आला. फोन नेहमीसारखा स्पीकरवर. तुम्ही हसून म्हणालात, "आई, पार्सल आलं ना? ते पी. ते गायीचं नाही, त्यानं तुझा नवस मोडत नाही."

तुम्हाला काही चुकल्यासारखं वाटलं नसेल. तुम्ही आणखी काहीतरी बोलत होतात, पुढच्या महिन्यात नक्की वगैरे. आईंनी फोन माझ्याकडे दिला आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"त्याला ठावं हुतं?"

मी "व्हय," म्हटलं.

"कवापास्नं?"

"श्रावनापास्नं. मी लिवलं हुतं, आई."

मला वाटलं आता शिव्या देतील, हात उगारतील. मला ते बरं वाटलं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "म्हंजी ठावं हुतं त्याला." मग उठल्या आणि लोकांना खीर वाढायला लागल्या. त्यांना वाटत होतं, तुम्हाला माहीत नाही म्हणून तुम्ही येत नाही. वर्षभर त्या तेवढ्यावर जगल्या, भाऊजी. ते मी काढून घेतलं की तुम्ही, याचा विचार करून करून माझं डोकं फुटायची वेळ आली.

काल सकाळी मी नेहमीसारखा कोरा चहा टाकला. आई चुलीपाशी येऊन बसल्या. म्हणाल्या, "रुपाली, दूध घाल. साखर बी घाल."

मी घातलं. डॉक्टर ओरडून थकले, मी पाया पडून थकले, ते दूध आई माझ्यासमोर घोट घोट पीत होत्या, आणि मला ते बघवेना. मी बाहेर जाऊन रडले. दादा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

दुपारी आईंनी स्वतःच्या हाताने मांडणीवरून तुमचं ताट काढलं आणि त्यात जेवायला वाढायला सांगितलं. तुम्हाला सोप्या, झटपट होणाऱ्या जेवणाची हौस आहे, म्हणून तेही लिहिते. सकाळची भाकरी घ्यायची, बारीक कुस्करायची. कोमट दूध ओतायचं, गायीचं. चिमूटभर मीठ. भाकरी भिजेपर्यंत थांबायचं. एवढंच. तुमच्यात हे चालायचं नाही.

सगळं खाल्लं त्यांनी, ताटाला काही ठेवलं नाही. तब्येत सुधारेल आता, डॉक्टर खूश होतील. तुम्ही कधीही या, घर तुमचंच आहे, तुमच्यावाचून आता कुणाचं काही अडलेलं नाही.

ताट मी घासलं आणि वर ठेवायला गेले, तर आई म्हणाल्या, "तिथं नगं. रोजच्यात लाव." लावलं.

रुपाली